कोंबड्या, पत्रा आणि मोजणीतली एक दुरुस्ती

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे आठातलं एक अंग, उजवा गुडघा, सध्या कामावर येत नाही. तेव्हा हा नमस्कार सप्तांग समजून घ्यावा आणि आशीर्वादात कपात करू नये.) तुझी तब्येत बरी असेल, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेत असशील. चाळीस वर्षं वॉर्डभर लोकांना गोळ्या देत हिंडलेल्या नर्सला हे विचारणं म्हणजे जरा अतीच झालं, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते आणि मला दुसरी येत नाही. तुझी भावजय मजेत आहे. तिचा शिवणाचा क्लास जोरात चालला आहे. आम्हा दोघांखेरीज घरात आता आणखी चौघीजणी राहतात आणि त्यांची हकिगत कळवायला हे पत्र आहे, निदान घरात तरी मी असंच सांगून लिहायला बसलो आहे. फोनवर का नाही सांगितलं, असं तुझ्या मनात येईल. फोन मी उचलला की तू म्हणतेस, "तिला दे," आणि मी देतो. एवढ्यात चार कोंबड्या बसत नाहीत.

तर कोंबड्या. क्लासला येणाऱ्या एका बाईंच्या नवऱ्याची बदली झाली. त्यांनी जाताना कुंड्या एकीला दिल्या, टेबलफॅन दुसरीला आणि कोंबड्या तुझ्या भावजयीला. मला कुणी विचारलं नाही. दुपारी दार उघडलं तर ही टीव्हीचा खोका पोटाशी धरून उभी, आणि खोका आतून बोलत होता. पहिले आठ दिवस त्या बाथरूममध्ये राहिल्या. मी आंघोळीला गेलो की चौघी ओळीने खिडकीच्या कट्ट्यावर बसायच्या आणि माना वाकड्या करून मला वरपासून खालपर्यंत बघायच्या. तीस वर्षं नोकरी केली, वरिष्ठांनी दप्तर तपासलं, पण इतकी बारीक तपासणी माझी कुणी केली नव्हती. आठव्या दिवशी मी जाहीर केलं की मागच्या अंगणात यांची पक्की सोय मी करणार, स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय.

या सोयीला मराठीत एक नेमका आणि सुटसुटीत शब्द आहे. तो मी जमेल तोवर टाळणार आहे. हाच शब्द दोन वर्षांपूर्वी तुझ्या नव्या घरात, चारचौघांदेखत माझ्या तोंडून गेला आणि तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. तेव्हा तूर्त आपण त्याला बांधकाम म्हणू.

बांधकामाचा नकाशा मी रीतसर काढला. मोजणी खात्यात हयात गेलेला माणूस कागदाशिवाय खिळा ठोकत नाही, हे तुला ठाऊक आहे. मागे लाकडी खोली, चार पायांवर उचललेली, आत बसायला आडवी दांडी, पुढे फिरायला जाळीचं अंगण, एकास वीस असं प्रमाण आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. (कोंबड्या बाण बघून झोपणार आहेत का, असं तुझ्या भावजयीने विचारलं. मी बाण आणखी ठळक केला.) सुताराला बोलावलं. त्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि यात कोंबडी कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, कोंबडी नकाशात नसते, नंतर येते. तो म्हणाला, आधी कोंबडी मोजा, मग खोली काढा. ज्याने अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी आखून दिल्या त्याला हा मनुष्य मोजायला शिकवणार. मी तसं त्याला बोलून दाखवलं. तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, आणि सुताराचा पुढचा आठवडा कुणी पाहिलाय.

मग एकटाच लागलो. करवत होती, हातोडी होती, जुन्या खोक्यांच्या फळ्या होत्या, आणि माझी टेप होती. तीच ती पिवळी, कापडी, निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी माझ्या हातात ठेवलेली. बाकीचे लोक रुमाल घेऊन घराबाहेर पडतात, मी ती टेप घेऊन पडतो. लग्नाला गेलो तरी मांडव मोजून येतो. (हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.) अंगठ्यावर हातोडी किती वेळा बसली ते लिहीत नाही, त्याने पत्राची भाषा बिघडेल. पण पहिल्याच दिवशी एक गंभीर गोष्ट उघडकीला आली. जाळीच्या अंगणासाठी खुंट्या ठोकताना मी आपल्या परसाची रुंदी सहज मोजली, तर ती भरली एकोणतीस फूट. खरेदीखतात तीस आहे. पुन्हा मोजली, एकोणतीस. म्हणजे शेजारच्या मोठ्या बाईंनी (निवृत्त मुख्याध्यापिका, सगळी गल्ली त्यांना मोठ्या बाईच म्हणते) भिंत बांधताना आमची फूटभर जमीन गिळली होती. इतकी वर्षं त्या भिंतीवरून आमच्याकडे वाटीतून काहीबाही येत होतं आणि आम्ही आभार मानत होतो. मी कुणाला काही बोललो नाही, फक्त त्यांच्या नमस्काराला उत्तर देणं बंद केलं. पंधरा दिवस त्या बिचाऱ्या रोज नमस्कार करायच्या आणि मी रोज आभाळाकडे बघायचो.

खोली उभी राहिली आणि छपराची वेळ आली. मी माप घेतलं, अठ्ठावन्न इंच. पत्र्याच्या दुकानात जाऊन अठ्ठावन्न इंच कापून आणला. घरी येऊन चढवला तर दोन इंच तोकडा. मागच्या बाजूने खोलीचं कपाळ उघडंच. माझं डोकं फिरलं. पत्रा खांद्यावर घेऊन मी तसाच दुकानात परत गेलो आणि भर गर्दीत दुकानदाराला मापात मारतोस का म्हणून वाट्टेल ते बोललो. तो मनुष्य शांत. त्याने माझी टेप मागितली. काउंटरवर आपली पोलादी टेप पसरली, शेजारी माझी ठेवली, दोन्हींची टोकं जुळवली. त्याच्या टेपवर साठ इंच झाले, तिथे माझ्या टेपवर अठ्ठावन्न होते.

"काका, पत्रा बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमची टेप ढिली झालीय."

दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती, ती सगळी हसली. त्यात वाईट काही नव्हतं, मीही कुणाला असं बघितलं असतं तर हसलोच असतो. पण ताई, त्या हसण्यात उभं असताना कान गरम झाले, पत्र्याची कड हाताला लागली तेही कळलं नाही, आणि एकाएकी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्या दिवशी तूही हसली होतीस. मी समजलो होतो की तुला गंमत वाटली.

घरी येऊन चौकशी बसवली. तुझ्या भावजयीने फार आढेवेढे न घेता कबूल केलं की मागे एकदा माझ्या पँटच्या खिशातून टेप मशीनमध्ये गेली होती, आणि बाहेर निघाली तेव्हा चुरगळलेली होती म्हणून तिने ती दोरीवर टाकली आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून खाली पाण्याने भरलेली बादली अडकवली. दोन दिवस. इतका सरळपणा तिने माझ्या शर्टांच्या बाबतीत कधी दाखवला नाही. हे कधी झालं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ताईंच्या घरी जायच्या आदल्या आठवड्यात. (नोकरीतली मोजणी दुसऱ्या साधनांनी व्हायची, तेव्हा हे वाचून कुणी जुने नकाशे उकरू नयेत. आणि आमचं परसही तीस फूटच आहे. पंधरा दिवसांचे सगळे नमस्कार मी मोठ्या बाईंना एकदम घातले. त्यांना वाटलं मला काहीतरी होतंय.)

जे लिहायचं आहे ते आता लिहितो, नाहीतर मी पुन्हा पत्र्यावर घसरेन.

त्या दिवशी तू सगळ्यांना दोन्ही खोल्या दाखवत होतीस. तुझ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणी होत्या, शेजारी होते, आम्ही दोघं होतो. चाळीस वर्षं तू नर्सेसच्या क्वार्टर्समध्ये काढलीस, जिथे रात्रीचा पाहुणा चालत नसे. मी नोकरीच्या सुरुवातीला तुझ्या गावात परीक्षेला आलो तेव्हा बाहेर लॉजवर राहिलो आणि तू सकाळी डबा घेऊन आलीस, ते मला आठवतंय. त्या दिवशी तू कपाटामागून घडीची खाट ओढून काढलीस, वेष्टनसुद्धा न फाडलेली, आणि सगळ्यांसमोर म्हणालीस की ही माझ्या भावासाठी, आता तो आला की इथे राहणार. यावर माणसाने काय करावं? मी खिशातून टेप काढली. तू म्हणालीस, उघडून बघू. मी म्हटलं, उघडायची काय गरज, टेप आहे की. वेष्टनावर खाटेची लांबी छापलेली होती, सहा फूट तीन इंच. दार साडेतीन फुटांचं असतं, ते मी झोपेतही सांगेन. म्हणजे पाहिजेत नऊ फूट नऊ इंच. खोली मोजली, नऊ फूट आठ इंच भरली. मग मी टेप गुंडाळत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की खाट उघडली तर दार उघडणार नाही, ताई, हे घर घेतलंस की खुराडं?

लिहिला शेवटी शब्द. सगळे हसले, तू हसलीस, खाट कपाटामागे सरकवलीस आणि चहा टाकायला गेलीस. परतीच्या वाटेवर हिने मला सांगितलं की तू आतल्या खोलीत बराच वेळ कप पुसत होतीस. मी म्हटलं, कप ओले असतील.

आता दुरुस्ती. साठाला अठ्ठावन्न या हिशेबाने तुझी खोली नऊ फूट आठ इंच नसून पुरती दहा फूट आहे. खाट उघडली तरी दार उघडतं आणि वर तीन इंच शिल्लक राहतात. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दींची भांडणं मिटवली, त्याने आपल्या बहिणीची खोली चार इंचांनी कमी करून ठेवली. पण हे सगळं आकड्यांचं झालं आणि आकड्यांच्या आड लपायची मला सवय आहे, म्हणून पुढचंही लिहितो. टेप बरोबर असती, खोली खरोखर नऊ फूट आठ इंच असती, तरी मी बोललो ते चूकच होतं. तू मला जागा दाखवत होतीस आणि मी तिची मापं काढत बसलो. मला त्याचा फार पस्तावा होतो, ताई. दोन वर्षं मी असं धरून चाललो होतो की तू रागीट आहेस.

पुढची हकिगत थोडक्यात. छपराला जोड दिला, बांधकाम पूर्ण झालं. नकाशापेक्षा सगळं थोडं मोठंच झालं होतं, कारण सगळ्या फळ्या त्याच टेपने कापलेल्या. चौघींना आत सोडलं. एवढी ऐसपैस खोली, एवढी लांब दांडी, आणि त्या चौघी एका कोपऱ्यात, एकमेकींच्या अंगावर, मूठभर जागेत जाऊन बसल्या. अजून तशाच बसतात. बाकीची खोली मी कुणासाठी बांधली ते कळत नाही. तिसऱ्या दिवशी पहिलं अंडं आलं, आणि तेव्हा लक्षात आलं की अंडी बाहेर काढायला झडप ठेवायची राहिली. त्यामुळे रोज सकाळी मला रांगत आत जावं लागतं. दाराला मी स्वतः शोधून काढलेली कडी आहे, दार मिटलं की आपोआप बाहेरून पडणारी, म्हणजे कोंबड्या पळू नयेत. ती उत्तम चालते. गेल्या मंगळवारी मी आत गेलो, वारा आला, दार मिटलं आणि कडी पडली.

ही क्लासला गेली होती. साडेदहा ते सव्वाबारा मी त्या खुराड्यात होतो. उभं राहता येत नाही, पाय पसरता येत नाहीत, गुडघा पोटाशी. एकेक कोंबडी यायची, आपल्या जागी हे कोण बसलंय ते बघायची आणि अंगणात जाऊन बाकीच्यांना सांगायची. मोठ्या बाई भिंतीवरून डोकावल्या आणि काय चाललंय म्हणून विचारलं. कडी काढा, एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं, जरा पाहणी करतोय. त्या बरं म्हणून आत गेल्या. मी जाळीतून त्यांची पाठ बघत राहिलो आणि मला माझीच चीड आली, कारण तुझ्या बाबतीत दोन वर्षं मी नेमकं हेच करत होतो. घरात फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा वाटलं की तूच असशील, आणि या वेळी तिला दे म्हणायला ती घरात नाही. नंतर बघितलं तर गॅसवाला होता.

ही आली. अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. कडीला हात लावून म्हणाली, "आत किती बाय किती आहे हो?"

तिने कडी काढली, हाताला धरून मला बाहेर ओढलं आणि चहा टाकला. त्याच दिवशी तुला लिहायचं ठरवलं, त्याला आज सहा दिवस झाले. पाच कागद फाडले. कोंबड्या ठीक आहेत. अंडी चांगली येतात. तब्येतीला जप आणि जमल्यास उत्तर दे, न जमल्यास मी समजून घेईन.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एक विचारायचं राहिलं. मंगळवारपासून उजवा गुडघा पुरता बसला आहे. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ते तुझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून जे मोठं हॉस्पिटल आहे तिथे होईल, पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला. नंतर पंधरा दिवस रोज व्यायामाला तिथेच जावं लागतं. तुझी भावजय येऊ शकणार नाही, क्लास आहे आणि कोंबड्यांना सोडून हलता येत नाही. तेव्हा ते पंधरा दिवस मी तुझ्याकडे राहू का? जमिनीवर झोपायला डॉक्टरांची मनाई आहे. खाट कुणाला देऊन टाकली असशील तर खुर्चीही चालेल.

आणखी ता. क. हिने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढ्या पानांत कोंबड्या, पत्रा, मोठ्या बाई सगळं आहे, आणि 'मला माफ कर' हे तीन शब्द कुठेच नाहीत. मी परत वाचून बघितलं. खरंच नाहीत. मला माफ कर.

शेवटचा ता. क. हा मी हिला न दाखवता लिहितो आहे. तेच डॉक्टर दर सोमवारी इथेही येतात. हेच ऑपरेशन इथल्या हॉस्पिटलात होतं, घरापासून पाच मिनिटांवर, आणि ते इथेच करा असं त्यांनी दोनदा सुचवलं. तिकडचं मीच मागून घेतलं. फॉर्ममध्ये 'ऑपरेशननंतर रुग्ण कुठे राहणार' असा रकाना होता, तिथे तुझा पत्ता आणि फोन लिहिला, तुला न विचारता. खात्री करायला त्यांचा तुला शुक्रवारी फोन येईल. नाही म्हणायचं असेल तर त्यांनाच सांग, मी मुकाट्याने इथली तारीख घेईन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. फक्त फोनवर ते असंही विचारतात की रुग्ण तुमचा कोण. तेवढं मात्र खरं सांग.